स्टारशिप प्रॉम्प्ट: फॉन्ट आणि कलर एकदा जमवा, मग बघा

स्टारशिप, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायच्या आधी जी ओळ दिसते (प्रॉम्प्ट) ती सजवणारं टूल, तीन महिने रोज वापरतोय, म्हणून आता लिहितो. आधी झेडशेलवर (बॅशसारखाच एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पॉवरलेव्हल-टेन-के हे असंच दुसरं टूल होतं, फास्ट आहे, अजूनही नीट चालतं, पण त्याच्या पानावरच लिहून ठेवलंय की आता नवीन फीचर येणार नाहीत, आणि मला तर एका मशीनवर बॅश, दुसऱ्यावर झेडशेल, दोन्हीकडे सेम प्रॉम्प्ट पाहिजे होता. स्टारशिप रस्ट या भाषेत लिहिलंय आणि बॅश, झेडशेल, फिश, पॉवरशेल सगळ्यांवर चालतं. शेलच्या कॉन्फिग फाईलमध्ये शेवटी एक ओळ टाकायची, बाकी सगळं एकाच टॉमल फाईलमध्ये (सेटिंग लिहायची साधी टेक्स्ट फाईल), ती फाईल उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवली की झालं.

इन्स्टॉलला दोन मिनिटं लागतात. खरा वेळ खातो तो फॉन्ट.

पहिल्यांदा चालू केलं तर गिटच्या (कोडचे बदल सांभाळणारं टूल) ब्रँचच्या नावाआधी आयकॉनच्या जागी नुसता चौकोनी डबा. कारण हे आयकॉन युनिकोडच्या प्रायव्हेट एरियात बसवलेले असतात आणि साध्या फॉन्टमध्ये त्या जागा रिकाम्याच असतात. त्यासाठी नर्ड फॉन्ट लागतो, म्हणजे जेटब्रेन्स मोनो, हॅक, फिरा कोड असे नेहमीचेच फॉन्ट, फक्त त्यात 10,000 पेक्षा जास्त आयकॉन भरलेले. आणि फॉन्ट नुसता इन्स्टॉल करून भागत नाही हं, टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो, आणि एडिटरच्या आत जे टर्मिनल असतं त्याची सेटिंग बहुतेक वेळा वेगळी असते. सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर टर्मिनलमधून लॉगिन करायची पद्धत) जाता तेव्हा फॉन्ट तुमच्या मशीनवरचाच वापरला जातो, त्यामुळे सर्व्हरवर फॉन्ट टाकायच्या भानगडीत पडू नका.

अजून एक, डाउनलोड करताना एकाच फॉन्टचे तीन प्रकार दिसतात. नावात शेवटी मोनो असेल तर आयकॉन एका अक्षराच्या रुंदीत बसवलेले असतात, म्हणून बारीक दिसतात. साध्या प्रकारात मोठे दिसतात पण काही टर्मिनलमध्ये उजवीकडून कापले जातात, माझ्याकडे फोल्डरचा आयकॉन अर्धाच दिसायचा. तिसरा प्रोपो, त्यात आयकॉनची रुंदी कमीजास्त असते, तो टर्मिनलसाठी घेऊच नका. मी मोनो ठेवला आणि फॉन्ट साईज एकाने वाढवली, आता डोळ्यांना बरं वाटतं.

आता कलर, आणि माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे. तयार प्रीसेट मिळतात, टोकियो नाइट, ग्रुवबॉक्स रेनबो वगैरे, दिसतात एकदम भारी, पण त्यांच्यात कलर हेक्स कोडने (रंगाचा ठरलेला आकडा) पक्के लिहिलेले असतात. मी दिवसा लाइट थीम लावतो, तेव्हा फिकट पट्ट्यांवरचं वाचायला मान पुढे काढावी लागायची. मग सगळे हेक्स काढले आणि सरळ ग्रीन, यलो, सायन अशी नावं लिहिली. नाव लिहिलं की टर्मिनलच्या स्वतःच्या 16 रंगांतला रंग उचलला जातो, म्हणजे थीम बदलली की प्रॉम्प्टही तिच्याबरोबर बदलतो. फक्त ब्राइट ब्लॅक जपून वापरा, सोलराइज्डच्या मूळ डार्क पॅलेटमध्ये तो रंग आणि बॅकग्राउंड एकच आहे, अक्षरं गायबच होतात.

मोठ्या रेपोत (गिटने सांभाळलेलं प्रोजेक्टचं फोल्डर) प्रॉम्प्ट यायला वेळ लागला तर स्टारशिप टायमिंग्ज ही कमांड चालवा, कुठलं मॉड्यूल (प्रॉम्प्टचा एकेक भाग) किती मिलिसेकंद घेतंय ते ओळीने दाखवते. स्टारशिप आतून ज्या कमांड चालवतं त्यांच्यासाठी थांबायची मर्यादा मुळात 500 मिलिसेकंद आहे, ती वाढवण्यापेक्षा जे मॉड्यूल बघतच नाही ते बंद करा. मी चार ठेवलेत: फोल्डर, गिट ब्रँच, गिट स्टेटस आणि होस्टचं (म्हणजे मशीनचं) नाव.

होस्टचं नाव एरवी दिसत नाही, एसएसएचमध्ये असलं तरच दिसतं, आणि त्याला मी लाल बॅकग्राउंड दिलंय. मागच्या आठवड्यात दोन टॅब उघडे होते, जुने लॉग उडवायची कमांड टाइप करून झाली होती, एंटरवर बोट होतं, आणि तो लाल पट्टा दिसला. लोकल समजून मी सर्व्हरवर होतो. कंट्रोल सी मारलं.