राजारामपुरीतील पायथन क्लास: शिकवणे उत्तम, नोट्स धोकादायक

कोल्हापुरात राजारामपुरीत शनिवार-रविवारी भरणाऱ्या, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या एका क्लासला मी तीन महिने जात होतो. पुढे तक्रारही करायची असल्यामुळे क्लासचे नाव लिहीत नाही. या क्लासची पारख करायला मला एकच विषय पुरेसा वाटतो, तो म्हणजे ज्या लिस्टवर (क्रमाने मांडलेल्या घटकांच्या यादीवर) लूप (एकेक घटक घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) फिरत आहे तिच्यातलेच घटक लूप चालू असताना काढून टाकणे.

मॅडमनी गुळाच्या रव्यांच्या वजनांची १०, ०, ०, ३०, ५ अशी लिस्ट फळ्यावर मांडली आणि शून्ये काढून टाकणारा साधा फॉर लूप आम्हाला चालवायला लावला. एक शून्य उरलेच. ते का उरले, हे सांगताना त्यांनी अंबाबाईच्या दर्शनाची रांग डोळ्यांसमोर उभी केली: रांगेतून एक जण बाहेर पडला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, पण तपासणारा मात्र तोवर पुढच्या क्रमांकाकडे वळलेला असतो, त्यामुळे रिकाम्या जागी आलेला माणूस न तपासताच सुटतो. पायथनचा लूप लिस्टवरून असाच इंडेक्स, म्हणजे घटकाच्या जागेचा क्रमांक, मोजत जातो. एररही येत नाही, हे विशेष. डिक्शनरीवर (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या संग्रहावर) फिरताना तिचा आकार बदलला, तर पायथन निदान एरर देऊन थांबतो. लिस्टच्या बाबतीत तेवढीही सोय नाही.

तक्रार आहे ती छापील नोट्सविषयी. तिथे हाच लूप योग्य पद्धत म्हणून दिला असून उदाहरणाला १०, ०, ३०, ०, ५ ही लिस्ट घेतली आहे. उत्तर १०, ३०, ५ असे बरोबर येते आणि घात नेमका तिथेच होतो, कारण या लिस्टमधले ३० आणि ५ लूपने एकदाही तपासलेले नसतात. ते शून्य नव्हते म्हणून निभावले. दोन शून्ये शेजारी आली की हाच प्रोग्रॅम फसतो, आणि खऱ्या हिशेबात ती शेजारी येतातच.

उपाय मात्र तासाला व्यवस्थित शिकवले: हवे तेवढेच घटक घेऊन नवी लिस्ट करावी, लिस्टच्या कॉपीवर लूप फिरवावा किंवा शेवटच्या इंडेक्सपासून उलटे यावे. मोठ्या लिस्टसाठी मॅडमचा कल पहिल्या उपायाकडे होता, कारण मधला प्रत्येक घटक काढताना मागचे सगळे घटक सरकवावे लागतात. जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, लिस्टसारख्याच अ‍ॅरेलिस्टमध्ये लूप चालू असताना घटक काढला तर बहुधा एक्सेप्शन, म्हणजे एरर, येते, पण शेवटून दुसरा घटक काढला तर तिथलाही फॉर-ईच (प्रत्येक घटकावर फिरणारा) लूप काही न बोलता संपतो, हे मला इथेच प्रथम कळले.

नोट्समधली चूक मी कार्यालयात लेखी कळवली होती. पुढच्या बॅचमधल्या माझ्या मावसभावालाही तेच पान मिळाले आहे. प्रवेश जरूर घ्यावा. ते पान तेवढे पेनाने खोडावे.