घोरपड की पतंग?

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायला आलात आणि कॅमेरा घेऊन एखाद्या जिवाच्या मागे लागायचं ठरवलंत, की पहिलं नाव घोरपडीचं निघतं. साहजिक आहे. तिचा विषय काढला की समोरचा थेट सिंहगडावर जातो, पतंग म्हटलं तर "संक्रांतीचा का?" विचारतो. नाही, रात्री दिव्यावर येणारा.

दोन पावसाळे मी घोरपडीला दिले. पाऊस उघडून ऊन पडलं की ती कातळावर अंग शेकायला येते. एकदा पंधरा पावलांवर दिसली. मान वर, दुभंगलेली जीभ आत-बाहेर, मानेखाली सैल कातडीच्या वळ्या. मग सळसळ, आणि उरली शेपटी. माझे निम्मे फोटो शेपटीचेच आहेत. त्याचंही फार वाटलं नसतं.

वैताग वेगळाच होता. ती कुठे दिसली हे कुणाला सांगायची सोय नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तरी मांसासाठी, तेलासाठी मारतात. नराचं लिंग वाळवून 'हत्थाजोडी' नावाची मुळी म्हणून खपवतात. फोटो टाकला त्याच रात्री एका अनोळखी माणसाने दोनदा विचारलं, "नक्की कुठली वाट?" फोटो काढून टाकला. शेजारच्या काकांनाही थाप मारली, नाशिककडचा आहे म्हणून. एवढी आनंदाची गोष्ट तोंड शिवून बाळगणं मला काही जमलं नाही.

पतंगात ही भानगड नाही. सोसायटीच्या तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी सापडली. शेपटाला शिंग, डोक्यामागे दोन निळे खोटे डोळे. कण्हेर-तगरीवर वाढणाऱ्या पतंगाची. माळीदादा फवारणारच होते, म्हटलं, "दादा, एवढी फांदी सोडा." श्रीखंडाच्या डब्यात माती आणि पालापाचोळा घालून ठेवली. हिरवी अळी तपकिरी पडली, कोषात गेली आणि तेराव्या दिवशी शेवाळी-गुलाबी नक्षीचा पतंग बाहेर आला. अख्खा मजला बघायला आमच्या दारात.

गुपित पाळता येत असेल तर खुशाल घोरपडीच्या मागे जा. तिच्यासमोर पतंग म्हणजे किरकोळच. शिवाय पतंगांसाठी रात्री जागायचं, डास चावून घ्यायचे. मी मात्र जुलै लागला की गच्चीत पांढरी चादर आणि दिवा लावतो. चादर काकांची असते.