दुहेरी इंधनाचा हॉट एअर जनरेटर : भोसरीतील तीन वर्षांचा हिशेब

भोसरी एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात पत्र्याच्या पॅनेलांना आणि इलेक्ट्रिकल बॉक्सना पावडर कोटिंग करून दिले जाते, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की केली जाते. ओव्हनमध्ये जॉबचा पत्रा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दहाएक मिनिटे राहिला नाही तर पावडर नीट पकडत नाही, आणि विजेच्या हीटरवर हे तापमान दिवसभर टिकवणे बिलाच्या दृष्टीने परवडेनासे झाले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी आम्ही तासाला एक लाख किलोकॅलरी क्षमतेचा, म्हणजे सुमारे ११६ किलोवॉटचा, डिझेल आणि गॅस या दोन्हींवर चालणारा हॉट एअर जनरेटर, म्हणजे इंधन जाळून ओव्हनसाठी गरम हवा तयार करणारे यंत्र, घेतला. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण त्यांच्या स्थानिक सेवा-प्रतिनिधीबद्दल पुढे जे लिहायचे आहे ते नाव घेऊन लिहिण्याची माझी इच्छा नाही. शिवाय हे यंत्र चांगले की वाईट हे निम्म्याहून अधिक ते बसवणाऱ्यावर आणि सांभाळणाऱ्यावर ठरते, असे माझे आता मत झाले आहे.

खरेदीच्या वेळी पहिला निर्णय होता तो ज्वलनवायू थेट ओव्हनमध्ये सोडणारे यंत्र घ्यायचे की हीट एक्स्चेंजरचे. थेट ज्वलनाचे यंत्र स्वस्त असते आणि त्यात उष्णताही कमी वाया जाते. पण डिझेलच्या ज्योतीत थोडी जरी काजळी धरली तरी ती पांढऱ्या पॅनेलवर ठिपक्यांच्या रूपाने उमटते, आणि आमचे निम्मे काम पांढऱ्या व फिक्या राखाडी रंगाचे आहे. म्हणून आम्ही एक्स्चेंजरचे यंत्र घेतले, ज्यात ज्योत एसएस ३१० या उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या बंद कक्षात जळते, धूर नळ्यांमधून चिमणीकडे जातो आणि ओव्हनची हवा बाहेरून फिरून तापते. कारागिरीबद्दल तक्रार नाही. वेल्डिंग स्वच्छ आहे, बर्नर बिजागरीवर उघडतो, ज्योत पाहण्याची काच योग्य जागी आहे. मात्र नळ्या साफ करण्याचे झाकण मागच्या बाजूला आहे आणि ब्रश आत घालायचा तर नळीच्या लांबीइतकी मोकळी जागा मागे लागते, हे विक्रेत्याने सांगितले नाही. आम्ही यंत्र भिंतीलगत उभे केले आणि पहिल्याच सफाईच्या वेळी भिंतीला खिडकी पाडावी लागली.

बसवताना सर्वांत दुर्लक्षित राहिली ती हवा. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे या क्षमतेच्या यंत्राला पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १६० घनमीटर. आकडा मोठा वाटत नाही. पण त्याच शेडमधला पावडर बूथचा, म्हणजे पूड फवारण्याच्या खोलीचा, एक्झॉस्ट तासाला कित्येक हजार घनमीटर हवा बाहेर फेकतो, आणि डिसेंबरात पहाटेच्या पाळीला मुले थंडी वाजते म्हणून शटर खाली ओढतात. अशा वेळी शेडमध्ये कमी दाब तयार होतो, बर्नरला हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि चिमणीचा ओढा उलटा फिरण्याची भीती निर्माण होते. आमच्याकडे दोन पाळ्यांमध्ये डोके दुखण्याच्या तक्रारी आल्यावर हे लक्षात आले. त्यानंतर आम्ही बर्नरची जागा पार्टिशन घालून वेगळी केली आणि तिला बाहेरच्या भिंतीतून, खाली एक आणि वर एक, कायमचे उघडे झरोके ठेवले. त्यांना बंद करता येईल असे झाकण मुद्दामच बसवलेले नाही. पार्टिशनचा दुसरा फायदा असा की उडणारी पावडर बर्नरच्या पंख्यात जाऊन बसत नाही. ज्यांच्याकडे ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाने पत्र्यावरचे तेल काढण्याची टाकी आहे त्यांनी तर हे करावेच, कारण ती वाफ ज्योतीत गेली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, जे धातू खाते, आणि फॉस्जीनही तयार होऊ शकतो, जो माणसाच्या जिवावर उठतो.

पहिले वर्ष एलपीजीवर काढून नंतर आम्ही पाइपलाइनचा गॅस, म्हणजे नैसर्गिक वायू, घेतला. या बदलात बर्नरचे गॅस इंजेक्टर व दाबाची मांडणी नव्याने करावी लागते, कारण एलपीजीच्या एका घनमीटरमधली उष्णता नैसर्गिक वायूच्या अडीच पटींहून जास्त असते; तो भाग उत्पादकाच्या अभियंत्याने चोख केला. परंतु गॅस डिटेक्टर पूर्वी होता तेथेच, जमिनीपासून वीतभर उंचीवर, राहून गेला होता. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. खालचा डिटेक्टर त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. तो वर घेऊन नव्या गॅससाठी पुन्हा कॅलिब्रेट करून घेण्याची आठवण आमच्या फिटरने केली. गॅस ट्रेनमध्ये, म्हणजे बर्नरकडे जाणाऱ्या गॅसच्या नळीवरील साखळीत, फिल्टर, रेग्युलेटर, कमी आणि जास्त दाबाचे दोन स्विच आणि एकामागोमाग दोन सोलेनॉइड (विजेने उघडणारे) व्हॉल्व्ह होते, ही जमेची बाजू. एक व्हॉल्व्ह चिकटला तर दुसरा गॅस थांबवतो, आणि प्रत्येक वेळी पेटण्यापूर्वी कोणता गळतो आहे का हे यंत्र स्वतः तपासते.

त्याच अभियंत्याने यंत्र सुरू करून देताना केलेले एक प्रात्यक्षिक फार आवडले. ज्योत पूर्ण भरात असताना त्याने ज्योत पाहणारा सेन्सर सॉकेटमधून बाहेर ओढला आणि मुठीत झाकला. सेकंदभरात व्हॉल्व्ह बंद झाले आणि लाल दिवा लागला. मग त्याने आमच्या ऑपरेटरना समजावले की पेटण्यापूर्वी पंखा काही काळ नुसताच फिरतो तो कक्षात साचलेला गॅस वा तेलाची वाफ बाहेर काढण्यासाठी, आणि लॉकआउट झाल्यावर, म्हणजे यंत्राने सुरक्षेसाठी स्वतःला बंद करून घेतल्यावर, रीसेटचे बटण लागोपाठ दाबत राहणे म्हणजे न जळलेले इंधन आत भरत राहणे. दोन वेळा रीसेट करूनही पेटले नाही तर तिसऱ्यांदा बटणाला हात लावायचा नाही, असा फलक आम्ही पॅनेलवर लावला.

आता तक्रारीचा भाग. वार्षिक देखभालीचा करार उत्पादकाच्या शिफारशीने आम्ही एका स्थानिक सेवा-प्रतिनिधीशी केला. दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र दिवसातून तीन-चार वेळा लॉकआउट होऊ लागले. त्यांचा तंत्रज्ञ आला, अर्ध्या तासात यंत्र सुरू करून गेला, आणि अहवालात ‘फॉल्ट अटेंडेड’ एवढेच लिहिले. आठ दिवसांनी आमच्या वायरमनला पॅनेलमध्ये वीतभर वायरचा एक तुकडा दिसला. हवेच्या प्रवाहाच्या स्विचला त्या तंत्रज्ञाने जंपर मारला होता, म्हणजे तारेने त्याला वळसा घालून तो निकामी केला होता. फोनवर विचारले तेव्हा उत्तर आले, “साहेब, तुमचं प्रॉडक्शन थांबू नये म्हणून केलं.”

हा स्विच ब्लोअर, म्हणजे ओव्हनची हवा फिरवणारा पंखा, खरोखर हवा ढकलतो आहे की नाही हे पाहतो. आमचा ब्लोअर बेल्टवर चालतो; बेल्ट तुटला तरी मोटार फिरतच राहते आणि वीजजोडणीच्या दृष्टीने सर्व काही ठीक दिसते. त्या आठ दिवसांत बेल्ट तुटला असता तर ज्योत जळत राहिली असती, एक्स्चेंजरची उष्णता नेणारे कोणी उरले नसते आणि तापमान मर्यादेपलीकडे गेले की बर्नर बंद करणाऱ्या एकट्या लिमिट थर्मोस्टॅटच्या भरवशावर सर्व काही अवलंबून राहिले असते. मूळ दोष तर अगदी किरकोळ निघाला : स्विचकडे जाणारी दाबाची बारीक नळी पावडरने चोंदली होती. ती फुंकून साफ करायला पाच मिनिटे लागली. लॉकआउट होणारे यंत्र बिघडलेले असतेच असे नाही, पुष्कळदा ते आपले काम करत असते, हे ज्या तंत्रज्ञाला पटत नाही त्याच्या हाती बर्नर देऊ नये.

वीज जाण्याचा प्रश्नही विकत घेण्यापूर्वीच सोडवावा. बर्नर विझला तरी तापलेल्या कक्षातून काही मिनिटे हवा फिरत राहिली पाहिजे. ती थांबली की पत्रा वाकतो आणि पुढेमागे वेल्ड फुटतो. आम्ही ब्लोअर विजेच्या जनरेटर सेटवर घेतला, पण पहिल्या उन्हाळ्यातले तीन-चार झटके बसल्यानंतर. कक्षाला चीर गेली आहे का हे पाहण्याची सोपी खूण अशी की काचेतून ज्योतीकडे पाहत ब्लोअर बंद-चालू करून घ्यावा. ब्लोअर चालू होताच ज्योत हलली वा तिचा आकार बदलला तर हवा आत शिरते आहे.

डिझेल आम्ही आता गॅस बंद पडला तरच वापरतो, तरी तिकडची निगा टळत नाही. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी उतरते, ते काढावे. नोझल दरवर्षी नवे घालावे. तारेने टोकरून साफ केलेले नोझल फवारा वाकडा मारते आणि नळ्या काजळतात. काजळी धरली की चिमणीचे तापमान चढते, आणि ते सुमारे २२ अंशांनी वाढले की इंधनाचा साधारण एक टक्का फुकट गेला असे धरतात. म्हणून आम्ही ते रोज वहीत लिहितो. साठ्याचे नियमही पाहून घ्यावेत : डिझेल एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडे १,००० लिटरपेक्षा जास्त क्षमतेचे नसेल तर परवाना लागत नाही, आणि एलपीजीसाठी ही मर्यादा १०० किलोची आहे. त्यापुढे पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेकडे, जावे लागते, जिचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन, सुरू करून देणाऱ्या अभियंत्याला पूर्ण पाच, आणि त्या सेवा-प्रतिनिधीला एकही नाही. यंदाचा करार दुसऱ्या संस्थेशी करताना आम्ही दोन कलमे घालून घेतली. कोणत्याही सुरक्षा स्विचला तात्पुरताही जंपर मारायचा नाही, आणि प्रत्येक भेटीच्या अखेरीस आमच्या माणसासमोर सेन्सर काढून, हवेच्या स्विचची नळी सोडवून आणि लिमिट थर्मोस्टॅट खाली आणून यंत्र तीनही वेळा बंद पडते हे दाखवायचे. नव्या संस्थेने विनातक्रार सही केली. पहिली भेट गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, ठेवली होती. तीनही वेळा लाल दिवा लागला.