आर्गेदास आधी कुठून वाचावा: 'डीप रिव्हर्स' की 'फॉक्स'?

पेरूचा कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास याचं एकच पुस्तक आधी घ्यायचं असेल, तर निवड बहुधा दोघांतच होते. एक १९५८ ची 'डीप रिव्हर्स'. दुसरी १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेलेली 'द फॉक्स फ्रॉम अप अबव्ह अँड द फॉक्स फ्रॉम डाउन बिलो'. पुढे नुसतं 'फॉक्स' म्हणतो. दोन्हींचे इंग्रजी अनुवाद फ्रान्सिस हॉर्निंग बॅराक्लफ यांचेच आहेत, त्यामुळे अनुवाद कुणाचा बरा, हा प्रश्न उद्भवत नाही. रुल्फो, कोर्तासार हे लॅटिन अमेरिकन लेखक वाचलेल्या माणसाला दोन्ही झेपतील. प्रश्न फक्त आधी कोणती, एवढाच.

लोककथा हा आर्गेदासचा फावल्या वेळचा छंद नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. आई लहानपणीच गेली, सावत्र आईने त्याला घरच्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, नोकरचाकरांत ढकललं, आणि त्यांची केचुआ भाषा, तिची गाणी, तिच्या गोष्टी त्याला तिथेच मिळाल्या. पुढे सिकुआनीच्या शाळेत शिकवताना त्याने मुलांकडून गावच्या गोष्टी लिहून घेतल्या. १९४७ मध्ये फ्रान्सिस्को इस्किएर्दो रिओसबरोबर त्याने पेरूच्या मिथकांचा आणि लोककथांचा संग्रह काढला. त्यातली सामग्री देशभरच्या शिक्षकांनी गोळा केली होती. १९४९ मध्ये केचुआ गाण्या-गोष्टींचं आणखी एक पुस्तक आलं. एका अंगाला संग्राहक, दुसऱ्या अंगाला कादंबरीकार, असं हे आयुष्यभर चाललं. माझ्या मते या दोन पुस्तकांतला खरा फरकही तिथेच आहे: संग्राहक आणि कादंबरीकार कुठे एकजीव झालेत, आणि कुठे त्यांची नुसती गाठ पडते.

'डीप रिव्हर्स'मधला एर्नेस्तो चौदा वर्षांचा. वकील बापाबरोबर गावोगाव हिंडून शेवटी आबांकायच्या वसतिशाळेत अडकलेला. शाळेतला दांडगेपणा वाचवत नाही, वेडसर मार्सेलिनाची प्रकरणं तर फारच जड जातात. पण मग अंतेरो नावाचा मुलगा अंगणात एक भोवरा आणतो. सुंबायल्यू. तो फिरताना गुणगुणतो, आणि एर्नेस्तोला वाटतं की हे गुणगुणणं चाल्हुआंकाच्या दिशेनं फुंकलं, तर तिथे गेलेल्या बापाच्या कानी पडेल. डोंगर, नद्या, भोवरे एकमेकांशी बोलतात ही केचुआ समजूत इथे माहिती म्हणून येत नाही. बापाची वाट पाहणाऱ्या पोराची ती निकड होऊन येते. मिठासाठी उठलेल्या बायकांचंही तसंच. चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणाऱ्या या बाया दोन्या फेलिपाच्या मागे जाऊन कोठार फोडतात, मीठ वाटतात, हासिएंदावरच्या, म्हणजे जमीनदाराच्या मळ्यावरच्या, वेठबिगारांपर्यंत नेऊन पोचवतात, आणि पोरगा त्या घोळक्यात गात निघालेला असतो.

कमतरता आहे. भोवऱ्याच्या प्रकरणाची सुरुवात चक्क निबंधासारखी होते. आर्गेदासने तो मजकूर १९४८ मध्येच बुएनोस आइरेसच्या 'ला प्रेन्सा'त लेख म्हणून छापला होता. काहींना हा सांधा खटकतो. मला खटकत नाही, कारण दोन पानांतच अंतेरो येतो.

'फॉक्स' मात्र धाडसात कैक पावलं पुढे आहे, हे कबूल करायलाच हवं. साठच्या दशकातलं चिंबोते बंदर, आंचोवेता मासळी, फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांचा धूर आणि डोंगरावरून उतरलेली हजारो माणसं. आर्गेदास तिथे लोकसाहित्याचं संशोधन करायला गेला, लोकांचं बोलणं टेपवर घेतलं, आणि त्यातून कादंबरी उभी राहिली. तिच्यातले दोन कोल्हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या उआरोचिरी हस्तलिखितातून, म्हणजे त्या भागातल्या मिथकांच्या संग्रहातून, आलेले. मूळ केचुआतलं हे हस्तलिखित आर्गेदासने स्वतः स्पॅनिशमध्ये आणून १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. मूळ कथेत उआत्याकुरी नावाचा माणूस डोंगरावर झोपलाय. वरचा कोल्हा आणि खालचा कोल्हा तिथे भेटतात आणि आपापल्या मुलखाची खबर सांगतात: भाजताना उडालेला मक्याचा एक दाणा बाईच्या गुह्यांगाला लागला, तोच तिने परपुरुषाला खायला दिला, म्हणून तिचा नवरा आजारी आहे, त्याच्या घरावर साप आहे, जात्याखाली दोन डोक्यांचा बेडूक आहे. हेच कोल्हे, कादंबरीच्या हिशेबानं अडीच हजार वर्षांनी, चिंबोतेत पुन्हा भेटतात. एवढ्या ताकदीची कल्पना 'डीप रिव्हर्स'मध्ये नाही.

मग अडतं कुठे? तारखांवर. कादंबरीच्या प्रकरणांमध्ये आर्गेदासच्या डायऱ्या आहेत, आणि पहिलीच नोंद १० मे १९६८ ची, जीव देण्याच्या विचाराविषयीची. डायऱ्यांचं लेखन कमी दर्जाचं नाही. सान मिगेल दे ओब्राहियोमधल्या डुकराचं डोकं खाजवताना त्याला झालेला आनंद ज्या ओळींत आहे, त्या मी विसरू शकत नाही. पण २८ नोव्हेंबर १९६९ ला त्याने स्वतःवर गोळी झाडली आणि २ डिसेंबरला तो गेला, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे प्रत्येक नोंदीवरची तारीख पाहून मन उरलेले महिने मोजायला लागतं. बाजारात क्रूस घेऊन फिरणारा मोंकादा काय ओरडतोय, खाणीतल्या कोळशाने छाती भरलेला डॉन एस्तेबान काय सांगतोय, याकडे कान द्यायचा असतो, आणि लक्ष सारखं माणसाच्या मरणाकडे जातं. मी जेव्हा जेव्हा 'फॉक्स' हाती घेतली, तेव्हा हेच झालं. दर वेळी त्याचा त्रासही झाला, कारण इतक्या जिवंत, गोंगाटी बंदराला त्याच्या लेखकाच्या मृत्यूची प्रस्तावना करून टाकणं हा त्या बंदरावर अन्याय आहे. ज्याला आर्गेदास आधीच जवळचा आहे, त्याला हा भार पेलतो. नवख्याच्या मनात आर्गेदास म्हणजे एक आत्महत्या, एवढीच नोंद राहण्याची भीती वाटते.

उलट बाजूचे वाचक म्हणतील, डायऱ्या हाच पुस्तकाचा प्राण आहे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पहिली डायरी 'अमारू' मासिकात छापून आली तेव्हा कोर्तासारशी जाहीर वाद पेटला: परदेशात बसून लिहिणारा लेखक मोठा, की आपल्या मातीत राहून लिहिणारा? देशीवादाच्या चर्चेत वाढलेल्या मराठी वाचकाला ती पानं परकी वाटणार नाहीत. तुमचं कुतूहल त्या वादापुरतंच असेल, तर 'फॉक्स' आधी घेतलीत तरी हरकत नाही.

एरवी मी म्हणेन, 'डीप रिव्हर्स' आधी. मग १९६५ ची 'एल सुएन्यो देल पोंगो' ही छोटी गोष्ट, मालक आणि नोकराच्या स्वप्नाची, कुस्कोकडच्या एका माणसाकडून आर्गेदासने ऐकलेली. तासाभरात होते, आणि तिच्यात संग्राहक कुठे संपला आणि लेखक कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. मग उआरोचिरी हस्तलिखित; फ्रँक सॅलोमन आणि जॉर्ज उरिओस्ते यांचा १९९१ चा इंग्रजी अनुवाद चांगल्या ग्रंथालयांत असतो. 'फॉक्स' त्यानंतर.

आणि धीर धरवत नसेल, 'फॉक्स'च हवी असेल, तर निदान विकत घेण्याआधी तिचं तिसरं प्रकरण वाचून बघा. दिएगो नावाचा विचित्र पाहुणा फिशमील कारखान्यात येतो, डॉन आंखेलशी गप्पा मारतो, यंत्रांमध्ये फिरतो आणि मध्येच नाचायला लागतो. कोल्हा कोण, हे कुणी सांगत नाही. ते प्रकरण आवडलं, तर पुढचं सगळं आवडेल.