क्लास डेकोरेटर ७ महिने वापरले, दोन ब्रॅकेटनी घाम काढला

मामांच्या हळदीच्या अडतीसाठी पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर मीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय, सांगलीत तयार मिळतं पण दरवर्षी रिन्यूअलचे पैसे कोण देणार. हमाली, तोलाई, उचल, प्रत्येक कपात एक क्लास (कोडमधला साचा), डोक्यावर @नोंदणी("हमाली") हा डेकोरेटर, म्हणजे क्लास हातात घेऊन परत देणारं फंक्शन, लावला की क्लास आपोआप डिक्शनरीत, म्हणजे नावावरून शोधायच्या यादीत, जाऊन बसतो. सहा महिने काय तक्रार नव्हती.

मग मी शहाणपणा केला. नाव नाही दिलं तर क्लासचंच नाव घे, असा बदल करून वर नुसतं @नोंदणी लिहिलं, ब्रॅकेट नाही. पायथन गप्प! सौदे सुरू असताना पट्टी अडकली, एरर काय तर इंटला (साध्या पूर्णांकाला) रक्कम नावाचा ॲट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, नाही. मामा डोक्यावर उभे, "काय रं, पट्टी निघंना व्हय?" दोन तास गेले. झालं असं की ब्रॅकेट नसल्यामुळं नोंदणीनं क्लासलाच नाव समजून घेतलं आणि आतलं फंक्शन परत दिलं, म्हणजे हमाली हा क्लास राहिलाच नाही. हमाली(40) म्हटलं की ते फंक्शन 40 च परत देतंय. चूक वर, बोंब तीनशे लाईन खाली.

रागानं सगळे @ काढले आणि जुन्या पद्धतीनं क्लास संपल्यावर खाली हमाली = नोंदणी("हमाली")(हमाली) लिहिलं. पायथनच्या 2.6 आणि 3.0 या आवृत्त्या यायच्या आधी, म्हणजे 2008 पर्यंत, क्लासला असंच करायला लागायचं, @ फक्त फंक्शनला होतं (2.4, 2004). एकच नाव तीनदा लिहा, आणि ऐंशी लाईनच्या क्लासखाली ती ओळ दिसतच नाही. उचलच्या क्लासखाली टाकायची राहिली, ते पट्टी छापल्यावर कळलं. तर मागं घेतो, @ ची जागा वरच बरोबर आहे.

मग पायथन 3.7 मधल्या डेटाक्लास या तयार डेकोरेटरचा सोर्स (मूळ कोड) उघडला. तिथं ब्रॅकेट द्या नाहीतर नका देऊ, दोन्ही चालतं, कारण पहिला पॅरामीटर क्लास, डिफॉल्ट नन (None, म्हणजे काहीच नाही), आणि बाकीचे ऑप्शन स्टारच्या पुढं, नाव लिहूनच द्यायचे. तेच उचललं, चार-पाच लाईनचं काम. पण हे प्रत्येकानं आपापलं का करत बसायचं?

आणखी एक, रात्रीच्या हमालीचा क्लास हमालीवरून काढला तर त्याची नोंद होत नाही, परत @ लावा. 3.6 पासून इनिट-सबक्लास (काढलेला क्लास तयार होताना आपोआप चालणारं फंक्शन) आहे त्याला, पण मग वर काहीच दिसत नाही, म्हणून मी @ च लिहितो. ब्रॅकेटची आता गरज नाही तरी हात आपोआप टाकतोच.