लिथियम बॅटरीच्या नावाखाली 68,000 ला चुना! कॅम्परवाल्यांनो, सावध

गोव्यात बार्देशातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मला 68,000 रुपयांना बुडवलंय. नाव टाकत नाही, तक्रार अजून चालू आहे, पण डोकं अजून तापलेलं आहे म्हणून लिहितोय.

आमच्या ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) करून घेतलाय, आरसीवर नोंद वगैरे सगळं रीतसर. फ्रिज वगैरे चालवणारी मागची बॅटरी इंजिन चालू असताना चार्ज व्हायचीच बंद झाली, रात्री फ्रिज बंद पडायचा. या माणसाने इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर लावला, 12.0 व्होल्ट दाखवलं आणि म्हणाला, "प्लेटी गेल्या पात्रांव, लिथियम घाला, दहा वर्षं बघायला नको." अरे पण चार्जच होत नसेल तर बॅटरी 12.0 नाही दाखवणार तर काय 12.7 दाखवणार? इंजिन चालू करून पुढच्या बॅटरीवर किती आणि मागच्या बॅटरीवर किती, एवढं दोन ठिकाणी मोजलं असतं तर तिथेच कळलं असतं. त्याने मोजलं नाही, आणि ते मला कळायला मी काय वायरमन आहे? मी हिशेब बघणारा माणूस.

लिथियम 200 एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते) 62,000, नवा आयसोलेटर (इंजिनकडचं चार्जिंग मागच्या बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) 6,500, मजुरी 3,500, जुनी बॅटरी घेतली म्हणून 4,000 वजा. जीएसटी वाचवतो म्हणाला, पैसे यूपीआयवर कुणा तिसऱ्याच नावावर गेले. इथे स्क्रीनशॉट काढून ठेवा, बिल पक्कंच मागा.

आणि तो क्षण! दुकानातला पोरगा ती नवी बॅटरी एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताने मोबाइल बघत आला. 200 एएचची लिथियम वीस किलोच्या वर भरते. मी समोर उभा होतो, उलट म्हटलं वा, टेक्नॉलॉजी किती हलकी झालीय. मालकाने लगेच मीटर लावला, 13.3, "बघा, फुल!" लिथियम अर्धी रिकामी असली तरी जवळपास तेवढंच दाखवते, व्होल्टवर कधीच जाऊ नका. पण समोरचा इतक्या आत्मविश्वासाने बोलत असेल तर कोण वजनकाटा मागवतो, तुम्ही मागवला असता?

नवी बॅटरीही चार्ज होईना. तर म्हणे चार-पाच वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊ देत, मग सेट होते. लिथियमला असलं काही लागत नाही. दरवेळी दुकानातच चार्जरवर भरून परत द्यायचा.

शेवटी फोंड्याच्या एका इलेक्ट्रिशियनने बघितलं. इंजिन चालू, पुढच्या बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरच्या अलीकडे 14.1, पलीकडे 12.3. खाऱ्या हवेने होल्डर सडलेला, म्हणून चार्जिंग मागे पोचतच नव्हतं. दुरुस्ती 350 रुपये! जुना आयसोलेटरही चांगला होता. मग त्याने लिथियमवर 10 अँपियरचा लोड लावला, वीस तास चालायला हवी होती ती पाच तासांत बंद. खोललं तर आत 6 एएचचे गोल सेल, नऊच्या चार रांगा; रांगा एकामागोमाग जोडल्या की व्होल्ट वाढतात, एएच एकाच रांगेचे धरायचे, म्हणजे 54 एएच, बाकी जागेत फोम.

पोलिसांत गेलो तर "सिव्हिल मॅटर". दुसऱ्या स्टेशनवर जा, दुकान त्यांच्या हद्दीत. तिथला साहेब फसवणुकीचं सोडून माझीच आरसी तपासत बसला, गाडी मॉडिफाय का केली म्हणून! एका खात्यात म्हणाले एएच आमच्याकडे येत नाही. अरे मग कुणाकडे येतं, हवामान खात्याकडे? ऑनलाइन तक्रार केली, "समोरून प्रतिसाद नाही" म्हणून बंद करून टाकली. प्रतिसाद देत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो!

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकावा लागतो. खोलण्याआधी व्हिडिओ काढा, नाहीतर तुम्हीच सेल बदलले म्हणतील.

माझी जुनी 150 एएच चांगली होती हो, 4,000 ला गेली. म्हापसा-पर्वरीकडे कुणाला सेकंडहँड म्हणून आली तर कळवा, पॉझिटिव्ह टर्मिनलपाशी निळा ऑइलपेंट आहे.