लक्ष्मीपुरीतलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान: फोनच्या कानात चटणी

माझी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गिरणी आणि मिरची कांडप. मार्च ते मे चटणीचा सीझन. फोन दिवसभर खिशात, खिसा दिवसभर तिखटात. यंदा फोनवरची माणसं विहिरीतनं बोलायला लागली. स्पीकरवर खणखणीत, कानाला लावलं की नुसती पुटपुट. उधारीची बोलणीसुद्धा रांगेतल्या बायकांसमोर! एका दुकानात बघितल्या बघितल्या सांगितलं, डिस्प्ले बदला, 1800 रुपये.

लक्ष्मीपुरीतल्या पोरानं आधी विचारलं, "मामा, रिंग वाजतीय न्हवं? मग रिंगर बरा हाय, इअर स्पीकर बघू." हे दोन वेगळे असतात, हे मला पन्नाशीत कळलं. वरच्या फटीतल्या जाळीवर त्यानं ब्रश फिरवला आणि तीनदा शिंकला. "ह्यात चटणी हाय की ओ!"

आवाज निम्माच परत आला. मग कडा गरम करून काच उचलली. निघाला तो भाग करंगळीच्या नखाएवढा. मीटरच्या काड्या टेकवल्या, आकडा 30 ओहमच्या आसपास, म्हणजे आतली तारेची गुंडाळी शाबूत. भिंगाखाली मात्र आवाज काढणाऱ्या आतल्या पडद्याला बारीक भोक. "टाचणी घातलीसा?" मी नाही म्हणालो. त्यानं फक्त बघितलं.

आत एवढंसं चुंबक, केसासारख्या तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पातळ पडदा. समोरच्याच्या आवाजाबरहुकूम वीज उलटसुलट धावते, गुंडाळी हलते, पडदा हवा ढकलतो. माझ्या 10 हॉर्सपॉवरच्या मोटारीतही वायंडिंग आणि चुंबकाचाच खेळ. तिथं जातं फिरतं, इथं पडदा थरथरतो, एवढंच.

काउंटरवर जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरची उघडलेली डबी आहे. त्यात गुंडाळी जाग्यावर, हलते ती लोखंडी चकती. मागचं कायमचं चुंबक नसेल तर वीज कुठूनही जावो, चकती ओढलीच जाते. मग एका थरथरीच्या दोन होतात आणि आवाज भलताच निघतो. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

नवा इअर स्पीकर, जाळी, मजुरी धरून 350 रुपये. काच चिकटेस्तोवर फोनला चार रबरबँड. आता पाण्यापासून जपा, पहिलं सील राहिलं नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं. तक्रार एकच: तासाचे अडीच तास झाले, आणि बसायला स्टूल एकच, त्यावर चार्जरचं खोकं.

घरी येऊन कागलच्या बहिणीला फोन लावला. दोन महिन्यांच्या सवयीनं ती ओरडली, "आलं का रं ऐकू?" फोन हातभर लांब धरावा लागला.